स्वयंपाकघरातली गप्प डबी

डबीसरांना आयुष्यात सगळ्यात जास्त मान मिळाला तो एका बिघडलेल्या डबीमुळे. आणि पुढे मान खाली घालायची वेळ आली तीही तिच्याचमुळे.

कॉलेजात त्यांच्या खोलीबाहेरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव, पदव्या वगैरे सगळं होतं, पण ते कोणी वाचत नसे. एका खिशात साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी आणि दुसऱ्या खिशात सेल घेऊन फिरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पँट धुवायला टाकण्याआधी खिसे चाचपणं हे त्यांच्या बायकोच्या संसारातलं एक नेमाचं काम होऊन बसलं होतं. एकदा चुकून एक डबी धुतली गेली, तेव्हा ती बाई म्हणाली होती, "आता निदान ही तरी स्वच्छ बोलेल."

तर या डब्या बोलतात. माणूस जवळून गेला की डबीला कळतं, आणि ते ती शेजारच्या डबीला बिनतारी सांगते. ती पुढच्या डबीला सांगते, असं करत निरोप मुख्य डबीपर्यंत आणि तिथून हव्या त्या फोनवर पोचतो. ऐकायला सोपं वाटतं, करायला गेलं की घाम फुटतो. सेल एवढासा, त्यामुळे डबी बहुतेक वेळ झोपलेलीच ठेवावी लागते; क्षणभर जागं व्हायचं, काय ते सांगायचं आणि पुन्हा झोपायचं. एक बोलायला उठावी तर ऐकणारी झोपलेली. दोघी एकदम बोलल्या की दोघींचंही वाया. मध्ये भिंत आली, लोखंडी कपाट आलं, की निरोप गेलाच म्हणून समजा. पण या सगळ्याहून अवघड गोष्ट म्हणजे एखादी डबी गप्प होणं. ती गप्प का आहे? सांगण्यासारखं काही नाही म्हणून, की सांगायचं आहे पण सांगता येत नाही म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. डबीसरांनी उमेदीची सगळी वर्षं या एका प्रश्नामागे घातली.

त्यांची आई दुसऱ्या गावी, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, एकटी राहायची. जन्मभर दवाखान्यात नर्स म्हणून उभ्याने काम केलेली बाई. नवरा गेला, मुलगा नोकरीपायी लांब गेला, तरी ती तिथून हलली नाही. "माझी खुर्ची इथं, माझी खिडकी इथं. तुमच्याकडे येऊन मी काय करू, खिसे तपासू?" असं म्हणून तिने सुनेलाही हसवलं आणि विषय संपवला. मग एकदा बेसिनपाशी तिला चक्कर आली. विशेष लागलं नाही, पण नातेवाइकांच्या तोंडी विषय झाला. एका घरगुती कार्यक्रमात मामाने सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय रे, जगातल्या म्हाताऱ्यांसाठी यंत्रं करतोस म्हणे. तुझ्या म्हातारीला कोण बघतं?"

हे वाक्य सरांना असं लागलं की पुढच्याच सुट्टीत ते पिशवीभर डब्या घेऊन आईकडे गेले. एक दाराशी, एक बोळात, एक पलंगाजवळ, एक खिडकीतल्या खुर्चीपाशी आणि एक स्वयंपाकघरात, स्टीलच्या डब्यांच्या फळीखाली. आईला जवळ बसवून त्यांनी सेल बदलायलाही शिकवलं. "हे टोक नीट पुसून बसव हं. मध्ये कागदाचा कपटा जरी अडकला तरी वीज जात नाही, आणि डबी बंद."

"कपटा जरी अडकला तरी?" आईने विचारलं.

"हो. फार नाजूक असतं ते."

सरांच्या फोनवर आता डबीमागे एक अशा पाच हिरव्या रेघा आल्या. आई चालली की रेघ उचलली जायची, बसली की सपाट व्हायची. वर्गात, मीटिंगमध्ये, जेवताना ते फोन काढून रेघा बघत. मामालाही दाखवून झाल्या. त्या पाच रेघा म्हणजे मुलगा आईला बघतो याचा पुरावा होता, आणि सरांना तो स्वतःसाठीही हवाच होता.

बाकी डब्या शहाण्यासारख्या चालल्या. स्वयंपाकघरातली मात्र पहिल्यापासून आडमुठी. चांगली चालता चालता मध्येच गप्प व्हायची. ती गप्प झाली की सरांच्या फोनवर भोंगा वाजायचा आणि हातातलं काम टाकून सर आईला फोन लावायचे.

"आई, ती स्वयंपाकघरातली डबी बघ गं जरा. दिवा लुकलुकतोय का?"

"थांब, चष्मा घेते." मग चष्मा सापडायचा नाही. तो सापडेपर्यंत आई शेजारच्या शिवणवाल्या बाईंच्या मशीनची कुरकुर सांगायची, गुडघ्याची सांगायची, खिडकीत येणाऱ्या मांजराची सांगायची. सरही सेल काढ, पुन्हा घाल, जरा सरकव असं सांगता सांगता कॉलेजातल्या भानगडी सांगून टाकायचे. दोघं खूप हसायची. फोन ठेवेपर्यंत डबी आपोआप सुरू झालेली असायची. "तुझा आवाज ऐकून घाबरली बघ," आई म्हणायची.

सर मात्र चक्रावले. त्यांनी वाफेवर संशय घेतला. मग स्टीलच्या डब्यांवर, मग फ्रिजवर. डबी बदलून पाहिली, तर नवीही तशीच वागायला लागली. आता कोणीही हात टेकले असते. पण संशोधक माणसाला न सुटणारं कोडं मिळणं म्हणजे पर्वणीच. डबी का गप्प होते हे कळत नसेल तर न कळो, असं त्यांनी एक दिवस ठरवलं. ती गप्प झाली तरी आपलं काही अडू नये, एवढं जमलं की झालं.

आणि ते त्यांनी जमवलं. बोळातली डबी काय म्हणते, पलंगाची काय म्हणते, आई रोज या वेळी काय करते, हे सगळं जुळवून बाकीच्या डब्यांनीच गप्प डबीचा अंदाज सांगायचा. बोळातून हालचाल झाली, वेळ चहाची आहे, म्हणजे बाई स्वयंपाकघरात आहे. भोंगा वाजायचं कारणच नाही. तपासून पाहिलं तर दर वेळी अंदाज बरोबर. सरांनी हे बायकोला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे गैरहजर मुलाची हजेरी शेजारच्याने द्यायची. अहो, वर्गात कोणी असं केलं तर तुम्ही त्याला बाहेर काढता!"

सरांना राग आला. पण या युक्तीवर त्यांनी लिहिलेला निबंध गाजला. परिषदेत टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं, विभागप्रमुखांनी स्वतःच्या खोलीत बोलावून चहा पाजला. चहा पिताना ते म्हणाले, "सगळं छान आहे, फक्त अंदाजाची रेघ तुम्ही फिकट हिरवी दाखवता ना, ती पाहून लोक नाही नाही ते प्रश्न विचारतात. खरी किती, खोटी किती. अंदाज बरोबरच येतोय तर रंग वेगळा कशाला?"

सरांना ते पटलं, निदान नाही म्हणण्याइतकं अवघड वाटलं नाही. एका संध्याकाळी बसून त्यांनी फिकट रेघही हिरवीगार करून टाकली. त्या दिवसापासून आपली आई खरंच कुठे आहे आणि कुठे असावी, यातला फरक त्यांनी स्वतःच्या हाताने पुसला. त्या वेळी मात्र पडदा काय सुंदर दिसतोय, एवढंच त्यांच्या मनात आलं.

पुढे व्याख्यानांत त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. "पूर्वी मला आईला सारखे फोन करावे लागायचे. आता फोन करायचं कारणच उरलेलं नाही." यावर लोक हसायचे आणि टाळ्या वाजवायचे. आई स्वतःहून कधी फोन करायची, नाही असं नाही. पण तिचं नाव दिसलं की सर धसकायचे. "काय झालं, आई?" हेच त्यांचं पहिलं वाक्य. काही झालेलं नसायचं. मग "बरं, मी वर्गात आहे, नंतर बोलतो," आणि ते नंतर राहूनच जायचं.

म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारी एक मोठी संस्था डबीसरांकडे आली ती अशा वेळी. त्यांना घरोघरी या डब्या बसवायच्या होत्या. त्याआधी संस्थेच्या समितीला सगळं डोळ्यांनी बघायचं होतं, आणि ती सुप्रसिद्ध बिघडकी डबी हातात घेऊन पाहायची होती. सर म्हणाले, "मी स्वतः जाऊन घेऊन येतो." आईला कळवलं नाही, म्हटलं, चकित करू. बसमध्ये बसल्यावर त्यांनी सवयीने फोन काढला. स्वयंपाकघराची रेघ छान उचललेली होती. 'करतेय चहा,' ते मनात म्हणाले आणि त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

दार शिवणवाल्या बाईंनी उघडलं. त्यांच्या हातात झाकलेलं ताट होतं. सरांना बघून त्या दचकल्या आणि आत वळून म्हणाल्या, "बघा, कोण आलंय! म्हणजे कळवलंत तुम्ही शेवटी."

"मी कुठे कळवलं?" आतून आईचा आवाज आला.

ती खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. प्लास्टर मळलेलं होतं, कडेला धागे सुटलेले होते. कालपरवाचं नव्हतं ते.

"हे कधी झालं?" सरांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच चिरका वाटला.

"झाले बरेच दिवस. स्टुलावरून पाय घसरला. आता काढतीलच." आई डाव्या हाताने पदर सारखा करत म्हणाली. "तू आधी बस तरी."

"आणि जेवण?"

"त्या देतात ना दोन्ही वेळचं." तिने शिवणवाल्या बाईंकडे मान केली. "मी स्वयंपाकघरात जातेच कुठे. एका हाताने काय होतंय?"

सर स्वयंपाकघरात गेले. ओटा कोरडा ठणठणीत होता. गॅसवर वर्तमानपत्र पसरलेलं होतं आणि त्यावर धूळ. ते तिथेच उभे असताना खिशातला फोन त्यांनी काढून बघितला, बघायला नको होता तरी बघितला. शिवणवाल्या बाई ताट घेऊन बोळातून गेल्या होत्या. वेळ जेवणाची होती. स्वयंपाकघराची रेघ हिरवीगार, उचललेली.

त्यांनी फळीखालची डबी काढली. दिवा लागत नव्हता. झाकण उघडलं, सेल बाहेर काढला. सेलच्या टोकावर जखमेला लावायच्या चिकटपट्टीचा एक तुकडा होता. कात्रीने नेटका गोल कापून, कुठेही सुरकुती न पडू देता लावलेला. अशी पट्टी लावणारा हात त्यांनी लहानपणापासून स्वतःच्या गुडघ्यांवर पाहिला होता.

डबी घेऊन ते बाहेर आले आणि आईसमोर उभे राहिले. शिवणवाल्या बाईंनी एकदा दोघांकडे पाहिलं, ताट टेबलावर ठेवलं आणि मशीन चालू राहिलंय वाटतं, असं काहीतरी पुटपुटत त्या निघून गेल्या.

आईने डबीकडे पाहिलं आणि ती चोरी पकडल्यासारखी हसली. "सापडलं होय तुला."

"म्हणजे ती दर वेळी..."

"दर वेळी नाही काही. कधीमधी. पट्टी लावायची, तुझा फोन आला की काढायची. रागावू नकोस. तू कामातला माणूस, उगाच कसा फोन करायचा?"

"अगं, पण सरळ फोन करायचास ना मला!"

"करत होते की. मी फोन केला की तू घाबरतोस. 'काय झालं, काय झालं?' काही झालेलं नसलं की मग मलाच चोरट्यासारखं होतं. डबी बिघडली की तू कसा निवांत बोलायचास." ती थोडं थांबली. "लहानपणी तू नाही का करायचास? मी दुपारच्या पाळीला गेले की खालच्या दुकानातून वॉर्डात फोन. 'आई, नळ बंद होत नाहीये.' नळ चांगला होता रे आपला. मला काय माहीत नव्हतं?"

सरांना आठवलं. दुकानातला काळा जड फोन आठवला, आणि पलीकडून येणारा आवाज, 'थांब हं, आपण दोघं मिळून बंद करू.' ती कधीच 'काय झालं' म्हणाली नव्हती.

"ही शेवटची पट्टी कधी लावलीस?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"हात मोडायच्या आधीच. आधीही दोनतीनदा लावली, फोन नाही म्हणून काढली. म्हटलं, आता तरी येईल फोन. आला नाही. मग वाटलं, कामात असशील, उद्या येईल. तेवढ्यात हे झालं. एका हाताने ते झाकण निघेना, म्हणून राहिली तशीच." ती ओशाळून म्हणाली, "तुझं काही बिघडलं का रे त्याच्यामुळे?"

सर खाली बसले. खुर्ची बाजूला होती, तरी ते आईच्या पायांशी जमिनीवर बसले. त्यांना लाज वाटली. ती आधी आईची वाटली, मग शिवणवाल्या बाईंची, मग परिषदेत टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या माणसांची. आई एका खोलीत हाक मारत बसली होती आणि त्यांनी ती हाक ऐकू येऊ नये अशी सोय केली होती. वर त्याचं बक्षीस घेतलं होतं. मामाच्या त्या वाक्याने जेवढं लागलं होतं, त्याहून हे जास्त लागलं, कारण आता विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

"नाही गं. काही नाही बिघडलं," ते म्हणाले.

"मग ताट पुढे घे आणि मला भरव. शिवणवाली घाईघाईत भरवते, अर्धं पदरावर."

प्लास्टर निघेपर्यंत सर तिथेच राहिले. कॉलेजला रजा कळवताना त्यांनी कारण 'तांत्रिक काम' असं दिलं. इथे तरी खरं लिहायचं, तर तेही जमलं नाही.

समितीपुढेही फारसं धैर्य दाखवलं, असं नाही. डबी त्यांनी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, ही पद्धत आत्ता कोणाच्या घरी बसवू नका. अंदाजाची रेघ खऱ्या रेघेसारखी दिसते, आणि माणूस जाग्यावर नसताना आहे म्हणून सांगते. समितीतल्या बाईंनी डबी हातात घेतली. पट्टीचा तुकडा अजून सेलवरच होता.

"हे काय आहे?"

"चिकटपट्टी."

"ही कोणी लावली?"

सर खिडकीबाहेर पाहू लागले. "सेलच्या टोकाशी दोष होता," ते म्हणाले. 'माझ्या आईने, मला बोलावायला,' एवढं साधं वाक्य भरल्या खोलीत त्यांच्या तोंडून निघालं नाही. विभागप्रमुख त्यानंतर त्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले. संस्थेने दुसरीकडून डब्या घेतल्या. बायकोला मात्र त्यांनी सगळं सांगितलं. तिने टोमणा मारला नाही. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

एक गोष्ट त्यांनी केली. आईच्या घरापुरता तो सगळा अंदाज काढून टाकला. गप्प म्हणजे गप्प, रेघ कोरी, आणि भोंगा पूर्वीसारखा. आईचा हात सुटला होता, ती स्वयंपाकघरात जाऊ लागली होती. सर भोंग्याची वाट बघू लागले. वर्गात फोन उताणा ठेवू लागले. पण आता स्वयंपाकघरातली डबी एकदाही बंद पडली नाही. सगळ्या डब्यांत तीच जास्त इमानदार निघाली. मुलाच्या कामात आपल्यामुळे विघ्न आलं, हे आईने न सांगता ओळखलं होतं, आणि चिकटपट्टीचं रीळ ठेवून दिलं होतं.

शेवटी एका दुपारी, दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत, सरांनी स्वतःच फोन लावला.

पहिल्याच घंटीला तिने उचलला. "काय झालं?" तिचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं रे? बरा आहेस ना? सूनबाई बरी आहे ना?"

 काही झालेलं नव्हतं. काही झालेलं नसताना आईशी काय बोलायचं हे त्यांना खरोखरच आठवेना. 

"आई," शेवटी ते म्हणाले, "ती स्वयंपाकघरातली डबी बघ गं जरा. दिवा लुकलुकतोय का?"

"थांब हं." तिची पावलं ऐकू आली. मग फळीपाशी ती थांबली असावी, कारण बराच वेळ काहीच आवाज आला नाही. सर टेबलावरच्या लॅपटॉपवर त्याच रेघा बघत होते.

"हो रे," आई सावकाश म्हणाली, "बंदच पडलीय वाटतं. थांब, चष्मा सापडत नाहीये. तोवर बोल तू. जेवलास का?"

पडद्यावर स्वयंपाकघराची रेघ हिरवीगार उचललेली होती, आणि या वेळी ती खरी होती. सरांनी लॅपटॉप मिटला आणि खुर्ची ओढून घेतली.

"नाही गं अजून," ते म्हणाले.